आल्याच्या पिकावर पानठिपका सुरू झालाय. पोटॅशियम सिलिकेट फवारायचे की ठिबकमधून सोडायचे?

गादीवाफा_कोरेगाव (प्रश्न)

राम राम मंडळी. प्लॉटची माहिती आधीच देतो, म्हणजे उलट विचारायला नको.

कोरेगाव तालुका, एक एकर, जात माहीम. लागण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, आज ९५ वा दिवस. गाद्या साडेचार फुटांवर, प्रत्येक गादीवर दोन ओळी, मधे १६ मिमीची इनलाइन नळी, ड्रिपर ४० सेंमीवर, ताशी ४ लिटरचा. मध्यम काळी जमीन, सामू (pH) ८.१, मुक्त चुना ९ टक्के. पाणी विहिरीचे. उटाळणी (गादीची माती हलवून भर लावणे) ८५ व्या दिवशी झाली. आतापर्यंत एकरी नत्र ७० किलोच्या आसपास गेलेय.

पंधरा दिवसांपासून पानांवर लांबट अंडाकृती ठिपके आहेत. मधे कागदासारखे पांढरे, कडेला तपकिरी रेघ, भोवती पिवळी झाक. खालच्या पानांवर जास्त, पण आता वरच्या चौथ्या-पाचव्या पानावरही दिसतात. दुकानातून सल्ला मिळाला तो असा: पोटॅशियम सिलिकेट ३ मिली प्रति लिटर, दहा दिवसांनी एक अशा तीन फवारण्या, शिवाय दर महिन्याला एकरी ५ लिटर ठिबकमधून. "पान कडक होते, बुरशी आत शिरतच नाही, सडही (कंदकूजही) थांबते," असे सांगितले. कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच टाकीत चालते असेही म्हणाले.

याने ठिपका खरेच आटोक्यात येतो का? फवारणी की ठिबक? आणि एकत्र टाकावे का?

---

पान_तपासनीस

वर्णनावरून हा फिलोस्टिक्टा या बुरशीचा ठिपकाच वाटतो. खात्री घरीच करता येते. ठिपका पडलेले पान उजेडासमोर धरा. पांढऱ्या भागात टाचणीच्या टोकाएवढे काळे कण दिसले तर तोच. दिसले नाहीत तर पानाचे दोन-तीन तुकडे ओल्या कागदावर ठेवून प्लॅस्टिकच्या डब्यात झाकून ठेवा, दीड-दोन दिवसांत कण उठून येतात. हे एवढ्यासाठी सांगतोय की २०२४ मध्ये कर्नाटकात कोडगू भागातल्या आल्यावर पिरिक्युलारिया ही वेगळीच बुरशी नोंदली गेली. तिथे काळसर ठिपके येतात आणि मग पान पिवळे पडते. तसे काही दिसले तर अंदाजाने औषध मारू नका, नमुना थेट कृषी विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागात द्या. पालाश कमी पडले तर पानाची कड करपते, उन्हाने टोक करपते. त्या दोन्हींत काळे कण नसतात.

आता सिलिकॉन, म्हणजे पोटॅशियम सिलिकेटमधला कामाचा घटक. झाडाचे मूळ ज्या रूपात सिलिकॉन घेते ते म्हणजे पाण्यात विरघळलेले मोनोसिलिसिक आम्ल. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते आणि पानातून पाणी उडून गेले की मागे राहून पेशीभित्तीत काचेसारखे घट्ट बसते. एकदा बसले की हलत नाही. नत्र किंवा पालाश जसे जुन्या पानातून नव्या पानात जाते तसे हे जात नाही. त्यामुळे दोन गोष्टी होतात. आज ठिपका पडलेल्या पानाला आता दिलेल्या सिलिकॉनचा काही उपयोग नाही. आणि पुरवठा थांबला की त्यानंतर निघालेले पान पुन्हा कोरे. काकडीवर १९९० च्या दशकात कॅनडात जे काम झाले त्यात हेच दिसले होते: द्रावणातले सिलिकॉन काढून घेतले की भुरी या पांढऱ्या बुरशीविरुद्धचे संरक्षण नव्या पानांत उरत नाही.

"पान कडक होते म्हणून बुरशी शिरत नाही" हे अर्धेच खरे. भिंत जाड होते ते एक. पण बुरशी शिरायला लागल्यावर झाड जे फेनॉलसारखे पदार्थ तयार करते ते सिलिकॉन असलेल्या झाडात लवकर आणि जास्त तयार होतात, हा भाग मोठा आहे. म्हणजे सिलिकॉन स्वतः बुरशीनाशक नाही. रोगाची सुरुवात लांबवणे, ठिपक्याचा आकार लहान ठेवणे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवा.

फिलोस्टिक्टाच्या बाबतीत आणखी एक मुद्दा. सर्वांत जास्त बळी पडते ते कोवळे पान, पहिल्या साधारण दोन आठवड्यांतले. आणि नेमके त्याच वयात पानात सिलिकॉन सर्वांत कमी बसलेले असते, कारण अजून त्यातून फारसे पाणी उडालेले नसते. म्हणून भातातल्या करप्याचे यश जसेच्या तसे आल्यावर उतरवू नका. भात सिलिकॉन अधाशासारखे खेचतो. त्यासाठीचे मुळातले खास जनुक २००६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधून काढले. आले त्या पंक्तीत बसत नाही.

आज करायचे ते असे. वाळलेली, ठिपक्यांनी भरलेली खालची पाने गोळा करून प्लॉटबाहेर जाळा किंवा खोल पुरा; आच्छादन म्हणून तिथेच टाकू नका, पुढच्या पावसाच्या शिंतोड्यांना तेच बियाणे होते. बुरशीनाशक म्हणून मॅन्कोझेब ७५ टक्के २.५ ग्रॅम प्रति लिटर किंवा १ टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण), पंधरा दिवसांच्या अंतराने आलटून पालटून. स्टिकर न विसरता, आल्याचे पान मेणचट असते, थेंब घरंगळून जातो. नोझल पानाच्या खालूनही फिरवा. औषधाच्या लेबलवर आल्याची शिफारस आणि काढणीपूर्व कालावधी आहे का ते पाहूनच घ्या. आणि नत्र आता थांबवा. विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी ४८. तुम्ही ७० वर आहात. पान लुसलुशीत झालेय ते यामुळे, सिलिकॉन कमी पडल्यामुळे नव्हे.

---

माती_पाणी_रिपोर्ट

वरच्या उत्तरात हिशेब राहिला, तो मी घालतो. आकडा मांडल्याशिवाय या विषयात काही कळत नाही.

बाजारातल्या द्रवरूप पोटॅशियम सिलिकेटमध्ये सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे संयुग) २६ टक्के आणि घनता १.३८ धरली तर एका लिटरात ३५९ ग्रॅम सिलिका येते. सिलिकेचे सिलिकॉन करायला ०.४६७ ने गुणायचे.

फवारणी: ३ मिली प्रति लिटर, एकरी २०० लिटर पाणी, म्हणजे ६०० मिली. त्यात सिलिका २१५ ग्रॅम, सिलिकॉन जेमतेम १०० ग्रॅम. तीन फवारण्या, ३०० ग्रॅम.

ठिबक: ५ लिटर म्हणजे सिलिका १.८ किलो, सिलिकॉन ८४० ग्रॅम. तीन वेळा, अडीच किलो.

आता पिकाची बाजू. एकरी पाला आणि खोड मिळून वाळलेले वजन दीड ते दोन टन धरा आणि त्यात १ टक्का सिलिकॉन असावे असे म्हणा, तर लागते १५ ते २० किलो. फवारणीचे ३०० ग्रॅम यात कुठे बसतात ते तुम्हीच बघा. तेही सगळे पानात शिरत नाही. बहुतेक पानावर पांढरी साय होऊन बसते.

आणि आता विहीर. आपला सगळा भाग बेसॉल्टचा. खडक झिजून पाण्यात सिलिका उतरत असते, म्हणून इकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात लिटरला ३०-४० मिलिग्रॅम सिलिका असणे अजिबात नवल नाही. ४० धरा. हंगामात एकराला ठिबकने १५ लाख लिटर पाणी दिलेत तर त्यातून ६० किलो सिलिका जमिनीत जाते, म्हणजे २८ किलो सिलिकॉन. विकत घेतलेल्या पंधरा लिटरच्या अकरापट. फुकट, शिवाय आयती विरघळलेली, थेट मुळाशी.

म्हणून पहिला खर्च औषधाचा नको, पाणी तपासणीचा करा. नेहमीच्या रिपोर्टमध्ये सिलिका नसते; "विद्राव्य सिलिका" असे वेगळे लिहून द्यावे लागते. मॉलिब्डेटच्या रंगाने होणारी साधी तपासणी आहे. नमुना मात्र प्लॅस्टिकच्या बाटलीतच न्या, काचेतून सिलिका पाण्यात उतरते आणि आकडा फुगतो. २५ च्या वर आला तर सिलिकेटची बाटली खाली ठेवा. १० च्या खाली आला (कालव्याच्या किंवा पावसाळी तळ्याच्या पाण्यात येऊ शकतो) तर विचार करायला जागा आहे.

मातीची सिलिकॉन तपासणी करायची तर प्रयोगशाळेला आधी विचारा की द्रावण कोणते वापरतात. तुमच्या ९ टक्के चुन्याच्या जमिनीत अॅसिटिक आम्लाची पद्धत फसवते, पिकाला न मिळणारे सिलिकॉनही विरघळवून आकडा मोठा दाखवते. पातळ कॅल्शियम क्लोराइडची पद्धत बरी. एक गोष्ट मात्र तुमच्या विरुद्ध जाते: सामू ८ च्या वर चढतो तशी विरघळलेली सिलिका मातीच्या कणांना जास्त चिकटते, द्रावणात कमी उरते. म्हणून "काळी जमीन आहे, सिलिकॉन भरपूर" असेही डोळे मिटून म्हणू नये.

---

ठिबक_तात्या

कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच टाकीत? अजिबात नको. टाकीतच दही होईल. पोटॅशियम सिलिकेटचा सामू ११ च्या पुढे, त्यात कॅल्शियम पडले की कॅल्शियम सिलिकेटचा पांढरा साका खाली बसतो. मॅग्नेशियम सल्फेट, झिंक, फेरस, सगळ्यांचे तेच.

त्याहून वाईट म्हणजे फॉस्फरिक अॅसिड, १२:६१:०० किंवा ००:५२:३४ या विद्राव्य खतांबरोबर. आम्ल भेटले की दाट सिलिकेटचा जेल होतो, साबुदाण्याच्या खिरीसारखा, आणि हा जेल ड्रिपरमध्ये सुकला की संपले. क्षार जमले तर आम्ल सोडून नळी धुता येते. सिलिकाचा जेल हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक कशालाच दाद देत नाही. नळ्याच बदलाव्या लागतात. अमोनियम सल्फेटबरोबर टाकले तर अमोनिया उडून जातो, वास येतोच. ट्रायकोडर्मा, बॅसिलससारखी जैविके त्या टाकीत टिकत नाहीत. मॅन्कोझेब एवढ्या सामूत टिकत नाही. १३:००:४५ बरोबर सहसा अडचण येत नाही, पण एकटे सोडणे उत्तम. बाकी खतांपासून तीन-चार दिवस, जैविकापासून पाच दिवस अंतर.

सोडायचेच ठरले तर रीत अशी. विहिरीचे एक लिटर पाणी पारदर्शक बाटलीत घ्या, त्यात १ मिली सिलिकेट, हलवा, अर्धा तास ठेवा. पाणी गढूळ झाले तर तुमचे पाणी जड (कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त) आहे, ठिबकमधून सोडूच नका. स्वच्छ राहिले तर पुढे.

तुमच्या प्लॉटला साडेचार फुटांच्या हिशेबाने नळी साधारण २,९५० मीटर, ड्रिपर ७,४०० च्या आसपास, म्हणजे तासाला साडेएकोणतीस हजार लिटर पाणी. सिलिका लिटरला १२० मिलिग्रॅमच्या वर गेली की स्वतःच एकमेकांना चिकटून गुठळ्या व्हायला लागते. मुळालाही ती मग घेता येत नाही. ५ लिटर २०,००० लिटर पाण्यात पसरले तर ९० मिलिग्रॅम पडते. म्हणजे निदान ४० मिनिटे घ्यायची. टाकीत आधी १९० लिटर पाणी, मग ढवळत ढवळत सिलिकेट. व्हेंचुरी (टाकीतले द्रावण नळीत ओढणारे साधन) तासाला ३०० लिटर ओढेल अशी लावा. आधी पंधरा मिनिटे साधे पाणी, नंतर वीस मिनिटे साधे पाणी. शेवटच्या नळ्यांची टोके उघडून एकदा बघा, पाणी दुधाळ येत असेल तर आणखी चालू द्या.

फवारणीचे म्हणाल तर ३ मिली आल्याला जास्तच आहे. भर उन्हात मारले की कोवळी पाने करपतात आणि मग तो ठिपका की करपा हे ओळखता येत नाही. पंपात आधी पूर्ण पाणी, मग सिलिकेट. दुसरे काहीही मिसळू नका. तो पंप लगेच धुवा, नोझलमध्ये वाळले तर सुईनेही निघत नाही.

---

कन्नड_अद्रक

हिशेब सगळा मान्य, पण एक बघा. आमच्याकडे कन्नड-खुलताबाद पट्ट्यात सिलिकेट वापरलेल्या प्लॉटला काळोखी (गडद हिरवेपणा) दिसते, पाने ताठ राहतात, पाऊस-वाऱ्यात फुटवे आडवे पडत नाहीत. हे सगळे डोळ्यांचे भ्रम म्हणायचे का? फवारणीनंतर आठ दिवसांत नवे ठिपके कमी झालेलेही दिसतात.

---

पान_तपासनीस

भ्रम नाही, पण श्रेय कोणाचे ते तपासावे लागेल, भाऊ. त्या ५ लिटरमध्ये पालाशही असतो. १२ टक्के धरला तर ८०० ग्रॅमच्या पुढे, म्हणजे ००:००:५० या पालाशाच्या खताच्या पावणेदोन किलोइतका. काळोखी पालाशाचीही असू शकते. ताठपणा मात्र सिलिकॉनचा खरा गुण आहे. पान उभे राहिले की खालच्या पानांना ऊन मिळते, वाफसा येतो, पान लवकर सुकते आणि ओले राहण्याचा काळ कमी झाला की ठिपका आपोआप घटतो. तो फायदा मी नाकारत नाही. पण तो मुळातून मिळालेल्या सिलिकॉनचा.

फवारणीनंतर ठिपके कमी झाले त्याचे कारण वेगळे. ११ सामूची साय पानावर बसली की बीजाणू रुजत नाहीत. बेकिंग सोडा मारला तरी काही प्रमाणात असेच होते. गव्हाच्या भुरीवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या कामात मुळातून दिलेले आणि पानावर मारलेले सिलिकॉन शेजारी ठेवून पाहिले होते. मुळातून दिलेल्याचा परिणाम सरस, पानावरच्याचा थोडा आणि तोही थेट बुरशीवर, झाडात सिलिकॉन वाढल्यामुळे नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात ही साय टिकणार किती? एका जोरदार सरीपुरती. त्या कामासाठी बोर्डो स्वस्त आणि चिवट.

"सडही थांबते" हे जे दुकानात सांगितले त्याबद्दल: काकडीत पिथियम बुरशीची मूळकूज सिलिकॉनने कमी झाल्याचे प्रयोग आहेत, टोमॅटोत जीवाणूजन्य मर कमी झाल्याचेही आहेत. पण ते पोषण द्रावणात किंवा कुंडीत, नियंत्रित परिस्थितीत. गादीत पाणी तुंबलेय, बेणे आधीच पिथियम घेऊन आलेय, कंदमाशीने गड्डा पोखरलाय, आणि वरून सिलिकेट सोडून सड थांबेल, असे होत नाही. सडीचा इलाज निचरा, निरोगी बेणे, बेणेप्रक्रिया आणि ट्रायकोडर्मा. त्यात काटकसर करून पैसे सिलिकेटला वळवू नका.

---

गादीवाफा_कोरेगाव

सगळ्यांचे आभार. पानाच्या पांढऱ्या भागात काळे कण स्पष्ट दिसले. विहिरीच्या पाण्याची सिलिका ३८ मिलिग्रॅम आली. बाटलीत मात्र पाणी अर्ध्या तासात गढूळ झाले.

आता दुसऱ्या दुकानात "ऑर्थोसिलिसिक आम्ल २ टक्के" असलेले द्रव दाखवले. याचा सामू कमी आहे, गढूळ होत नाही. हे चालेल का? आणि साखर कारखान्याची बगॅसची राख इकडे मुबलक मिळते, पुढच्या वर्षी बेड भरताना टाकावी का?

---

माती_पाणी_रिपोर्ट

३८ आली तर विषय जवळपास मिटला, दादा.

लेबल वाचताना तीन वेगवेगळे आकडे असतात आणि ते एकमेकांशी ताडायचे नसतात. ऑर्थोसिलिसिक आम्लात सिलिकॉन २९ टक्के, सिलिकेत ४६.७ टक्के. म्हणजे "२ टक्के ऑर्थोसिलिसिक आम्ल" म्हणजे सिलिकॉन ०.५८ टक्के. एका लिटरात सहा ग्रॅमच्या आसपास. तुमच्या विहिरीच्या एका लिटरात १८ मिलिग्रॅम सिलिकॉन आहे, तेव्हा त्या बाटलीतले सिलिकॉन सव्वातीनशे लिटर विहिरीच्या पाण्यात असते. तुमची ठिबक तेवढे पाणी चाळीस सेकंदांत सोडते. द्रव चांगले, स्थिर, पानावर डाग न पाडणारे असेल. पण पोषण म्हणून त्याकडे पाहू नका.

राखेचे दोन प्रकार ओळखा. बॉयलरमध्ये फार तापून निघालेली पांढुरकी राख: जास्त उष्णतेने त्यातली सिलिका स्फटिकासारखी होते आणि पाण्यात जवळपास विरघळत नाही, वजन मोठे, काम शून्य. हळू धुमसून निघालेला काळा कोळसट तूस बरा. भाताच्या गिरणीजवळ तो मिळतो. तो एकरी एक टन शेणखतात मिसळून बेड भरताना द्यायला हरकत नाही, माती मोकळीही राहते. नुसती राख ८.१ सामूच्या जमिनीत ढिगाने ओतू नका. सामू आणखी वर गेला की लोह-जस्त अडकते आणि पाने पिवळी पडली की परत दुकानातच जाल.

त्याहून सोपा मार्ग आच्छादनाचा. ऊस आणि भात दोन्ही सिलिका साठवणारी पिके. भाताच्या पेंढ्यात वाळलेल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास सिलिका असते आणि ती खडकातल्या सिलिकेपेक्षा लवकर विरघळते. लागणीनंतर आणि उटाळणीनंतर गादीवर उसाचे पाचट किंवा पेंढा अंथरला की हळूहळू सिलिकॉन मिळते ते मिळतेच, पण खरा लाभ वेगळा: पावसाचा थेंब मातीवर आपटून जे शिंतोडे पानावर उडतात ते बंद होतात. फिलोस्टिक्टा त्याच वाटेने चढतो.

---

जांभा_आणि_आले

कोकणातून लिहितोय, कारण वरचे सगळे वाचून इकडचे लोक गैरसमज करून घेतील. आमची जांभ्याची जमीन वेगळी. शतकानुशतके पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली, मागे लोह आणि अॅल्युमिनियम उरले. सामू ५.२-५.५. वहाळाच्या पाण्यातही सिलिका कमी. इथे सिलिकॉनला प्रतिसाद मिळण्याची शक्यता खरी आहे.

पण पोटॅशियम सिलिकेट नको, ते महाग. चुन्याच्या मात्रेचा काही भाग कॅल्शियम सिलिकेटने भरून काढा: एकरी ४०० ते ५०० किलो, लागणीच्या तीन-चार आठवडे आधी, बारीक भुकटी, मातीत नीट मिसळून. खडे राहिले तर वर्षभर तसेच पडून राहतात. पोलादाच्या मळीपासून केलेले असेल तर जड धातूंचा तपासणी अहवाल मागा. कंद खायचा आहे. आणि फरक दिसला तर सगळा सिलिकॉनचा समजू नका, सामू सुधारला आणि अॅल्युमिनियमचा त्रास कमी झाला त्याचाही वाटा असतो. कोरेगावच्या चुनखडी जमिनीत हेच खत टाकणे म्हणजे पैसे पुरणे.

दुसरी जागा म्हणजे ग्रो-बॅग. कोकोपीटमध्ये आले घेणारे वाढलेत, आणि कोकोपीटमधून मिळणारे सिलिकॉन नगण्य. तिथे सतत, थोडे थोडे द्यायचे. लिटरला ६० मिलिग्रॅम सिलिका ही पातळी ठेवा. २६ टक्क्यांच्या पोटॅशियम सिलिकेटने हजार लिटरला १६७ मिली. क्रम चुकवायचा नाही: आधी पूर्ण पाणी, मग सिलिकेट, मग आम्लाने सामू ६ च्या खाली, आणि शेवटी बाकीची खते. इतक्या पातळ द्रावणात जेल होत नाही. क्रम उलटा केला, म्हणजे खतांच्या दाट द्रावणात सिलिकेट ओतले, तर तात्यांनी सांगितलेली खीर तयार.

---

गादीवाफा_कोरेगाव

म्हणजे या वर्षी बोर्डो आणि मॅन्कोझेब, नत्र बंद, पाला साफ. सिलिकेट नाही. पण दोन बाटल्या आधीच घेऊन ठेवल्यात, परत घेत नाहीत. वाया घालवण्यापेक्षा तपासून तरी बघता येईल का?

---

ठिबक_तात्या

येईल, पण ठिबकमधून नाही, तुमचे पाणी गढूळ होतेय. पावसाचे साठवलेले पाणी असेल तर त्यात करून गादीवर झारीने आळवणी करा. पावसाचे पाणी हलके, गढूळ होणार नाही. ड्रमला म्हणजे २०० लिटरला ६५ मिली, याहून दाट नको.

---

पान_तपासनीस

आणि मग मोजून करा. सहा गाद्या निवडा, प्रत्येकी ३० मीटर, एकाआड एक: सिलिकेट, साधी, सिलिकेट, साधी. कडेच्या गाद्या घेऊ नका, तिथे ऊन-वारा वेगळा. साध्या गाद्यांनाही पावसाचेच पाणी तितकेच द्या आणि त्यांच्या प्रत्येक ड्रमला ००:००:५० चे २० ग्रॅम टाका, म्हणजे पालाशाची बरोबरी होईल. नाहीतर पालाशाला सिलिकॉन म्हणाल. बुरशीनाशक सगळ्यांना सारखेच, नाहीतर रोगच ठरवेल कोण जिंकले ते.

आळवणी आठवड्याला एकदा, सलग सहा वेळा. सुरू करायच्या दिवशी प्रत्येक गादीत दहा फुटव्यांना सुतळी बांधा आणि त्या दिवशीच्या सर्वांत वरच्या उघडलेल्या पानावर रंगाची खूण करा. मोजायचे ते त्या खुणेच्या वर नंतर निघालेले पान. खुणेखालच्या पानांवर काही दिसणार नाही, तो दोष सिलिकेटचा नाही. दर दहा दिवसांनी ठिपक्यांनी व्यापलेला भाग ० ते ५ अशा अंकात लिहा: ० म्हणजे स्वच्छ, ५ म्हणजे अर्ध्याहून जास्त पान गेलेले. मोजणाऱ्याला कोणती गादी कोणती ते सांगू नका, घरातल्या कुणाला तरी मोजायला लावा.

काढणीला प्रत्येक गादीच्या मधल्या तीन मीटरचा गड्डा धुऊन वजन करा. समजा पूर्ण एकराला सिलिकेटचा खर्च ६,००० रुपये येतो आणि गाडीला, म्हणजे ५०० किलोला, २०,००० रुपये मिळतात. मग खर्च निघायला एकरी १५० किलो जास्त निघायला हवे. एका एकरात गादीची लांबी २,९५० मीटर, म्हणजे तीन मीटरमागे दीडशे ग्रॅम. एवढा फरक दोन साध्या गाद्यांतही आपसूक पडतो, तेव्हा तिन्ही सिलिकेटच्या गाद्या तिन्ही साध्यांपेक्षा वर राहिल्या तरच पुढच्या वर्षी ३५ व्या दिवसापासून, पहिली तीन-चार पाने उघडली की, सुरू करा. हुरडे बांड (फुलांचा दांडा) आल्यावर सुरू करण्यात अर्थ नाही.

---

कन्नड_अद्रक

हीच मांडणी आमच्याकडेही करतो. आमचे बोअरचे पाणी तपासायला टाकलेय, प्लॅस्टिकच्या बाटलीत. आकडा आला की इथेच टाकतो.